निरोप बंद

रत्नाची नणंद सोनिया हिच्या धाकट्या लेकाचं जावळ तिच्या माहेरी, गुंजवण्यात होतं. पंगत बसली होती, रत्ना आमटी वाढत होती. तिच्या सासऱ्यांनी, आनंदरावांनी, पानावरून मान वर केली आणि भरल्या मांडवात विचारलं, "रत्ना, आज समद्या सोयऱ्यांसमोर सांग. डोळ्याच्या दवाखान्यातनं म्या निरोप धाडला व्हता का न्हाई? खाचराला हात लावू नगंस म्हणून?"

समोरच्या रांगेतून तिचा नवरा धनाजी म्हणाला, "व्हय, होऊनच जाऊ दे. तू मला काय सांगितलं व्हतंस त्ये बी सांग."

दोघांपैकी कुणीही एकमेकांकडे पाहत नव्हतं. दोघांचेही डोळे तिच्यावर होते. रत्नाने तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, आणि बाहेर नुसता वारा आला.

ठसका लागला असेल म्हणून कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. पाहुणे गेले, मांडव निघाला, शिवारात भात पोटरीला आला, तरी तिचा आवाज परतला नाही. कुजबुज तेवढी जमायची, तीही कान तोंडाशी नेला तर. चुलत जाऊबाई अंगारा देऊन गेल्या. शेजारणीने मधात हळद सांगितली. रत्ना सगळं घेत राहिली, मान डोलवत राहिली आणि दिवसभर राबत राहिली.

धरणात या घराची बहुतेक जमीन गेली होती. वरच्या अंगाचं भाताचं एक खाचर तेवढं राहिलं होतं. त्याचे बांध आनंदरावांनी भर तरुणपणी स्वतः दगडावर दगड ठेवून घातले होते. मोतीबिंदूसाठी ते पुण्यात असताना धनाजीने जेसीबी लावून खाचर सपाट केलं. राजगड चढायला येणाऱ्यांसाठी तिथे तंबू ठोकले, गाड्यांना जागा केली. डोळ्याची पट्टी निघून घरी आल्यावर आनंदरावांना पहिली दिसली ती ती सपाट जमीन. ते एवढंच म्हणाले, "रत्ना, ह्याला सांग, हितनं पुढं माझ्या समोर येऊ नगंस."

तसं त्याआधीही बाप-लेक थेट कुठे बोलत होते? 'रत्ना, ह्याला सांग मोटार बंद कर.' 'रत्ना, आबांना इचार, बियाणं कुठलं आणायचं.' लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या दोघांच्या मधे उभी होती.

आणि आता मधे कुणी नव्हतं. घर मुकं झालं होतं.

*

सोनिया भोरला एका औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. आबांची लाडकी लेक, आणि माहेरच्या प्रत्येक भांडणात आबांच्या बाजूची. पण जावळाच्या दिवशी वहिनीचा चेहरा तिने पाहिला होता, आणि तो तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

तीच रत्नाला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत आई, बाळाबाई, होती. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि रत्नाला खोकायला सांगितलं. ती खोकली. खणखणीत.

"खोकल्याला आवाज आहे. स्वरयंत्र धड आहे," ते म्हणाले.

"म्हंजी नाटक करती व्हय?" बाळाबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही. यांना बोलायचं आहे, पण बोलता येत नाही. मनावर फार ताण आला की असं होतं. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई आहेत, त्यांच्याकडे जा. आणि ताण कुठून येतोय तेही बघा. तिथे माझी नळी पोचत नाही."

मग सोनियाने एका समुपदेशकाचा पत्ता मिळवला. हायवेला त्याचा मोठा फलक होता: 'एकाच बैठकीत खात्रीशीर आराम.' त्याने रत्नाला समोर बसवलं, बाकीच्यांना बाहेर काढलं, आणि चहा निवायच्या आत दार उघडून सांगितलं की बाईमाणसाने जरा सोसायला शिकलं पाहिजे, हसतमुख राहिलं पाहिजे. परतताना गाडीत रत्ना खिडकीबाहेर बघत राहिली. सोनियाला तिच्याकडे पाहायची लाज वाटली. आपण काहीच न विचारता वहिनीला कुणाच्याही पुढ्यात बसवलं, हे तिला लागलं.

पुढच्या वेळी तिने विचारायचं ठरवलं. एका सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जाऊन ती रांगेत बसली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे एकटीचं दुखणं दिसत नाही. फॅमिली थेरपी करणारं कुणीतरी बघा." त्यांनी दिलेल्या नावांपैकी एक भोरमधलंच निघालं. रश्मी गायकवाड. पुण्यात काम करायच्या, शनिवारी माहेरच्या घरी भोरला बसायच्या.

सोनियाने दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन फोन लावला.

"आजारी कोण आहे?" रश्मीताईंनी विचारलं.

"माझी वहिनी."

"घरात आणखी कोण कोण आहे?"

सोनियाने सांगितलं, जावळाच्या पंगतीत काय झालं तेही सांगितलं.

"मग सगळेच या."

"अहो, पण आवाज वहिनीचा गेलाय."

"हो, तिचाच गेलाय. पण तो गेला तेव्हा पंगतीत तिला विचारणारे दोघं होते ना? एकटीला बरं करून मी परत त्याच दोघांच्या मधे उभी केली, तर काय उपयोग?"

सोनियाला ते पटलं. मग मनाशी ठरवलेलं एकेक विचारत गेली. तुमचं शिक्षण काय? रश्मीताईंनी सांगितलं: मानसशास्त्रात एम.ए., मग कुटुंबांबरोबर काम करायचं वेगळं प्रशिक्षण, आणि अजूनही एका ज्येष्ठ बाईंचा सल्ला घेत असते. आमच्यासारख्या गावाकडच्या एकत्र घराचं काम केलंय का? केलंय. आत बोललेलं बाहेर जाईल का? नाही, फक्त कुणाच्या जिवाला धोका वाटला तर गप्प बसता येणार नाही. कोण चुकलं ते तुम्ही सांगणार का?

"नाही. ते ऐकायला येणार असाल तर तुमची निराशा होईल."

"गॅरंटी?"

"नाही देत. जे देतात त्यांच्याकडे जाऊ नका."

सोनियाला हसू आलं. "एकाकडे जाऊन आलोय," ती म्हणाली.

*

"घरातलं चार भिंतींत ऱ्हावं," आनंदराव म्हणाले. ओट्यावर बसून ते विळ्याला धार लावत होते. "परक्या बाईपुढं काय म्हणून उघडं व्हायचं?"

"आबा," सोनिया म्हणाली, "जावळाला एवढ्या सोयऱ्यांपुढं वहिनीला विचारलंत, तवा चार भिंती कुठं व्हत्या?"

विळा थांबला. लेक आपल्याशी असं बोलेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. रत्ना तिथे उभी होती. पण ती काय सांगणार?

"म्या जाणार," बाळाबाई आतून म्हणाल्या. "तुमी ऱ्हावा हितंच. भाकरी फडक्यात बांधून ठिवते."

शनिवारी धनाजीने गाडी काढली तेव्हा धुतलेला सदरा घालून आनंदराव आधीच पुढच्या सीटवर बसलेले होते.

*

भोरला पोचेपर्यंत आनंदरावांनी मनात सगळी बाजू मांडून ठेवली होती. बाई निवाडा करणार, तर पुरावा हवा. खाचर कधी घातलं, दगड कुठून आणले, दवाखान्यातून फोनवर काय बोललो. पण वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत ना टेबल होतं ना कागद. गोलात मांडलेल्या खुर्च्या होत्या. जो तो आपसूक बसला, आणि रत्ना बाप-लेकाच्या मधल्या खुर्चीत आली.

रश्मीताई पंचेचाळिशीच्या आसपासच्या, सुती साडीतल्या. त्या म्हणाल्या, "इथे प्रत्येकाचं ऐकून घेईन, पण मी पंच नाही. रत्नाताईंचे आवाजाचे व्यायाम चालू राहतील. आपण इथे घराचं बोलणं कसं चालतं ते बघू. आबा, तुमच्यापासून सुरू करू? घरात काय बदललं तर तुम्हाला बरं वाटेल?"

"रत्ना, सांग बाईंना—"

"त्यांना आवाज नाही, आबा. तुम्हीच सांगा."

आनंदराव खुर्चीत पुढे सरकले. मघापासून जमवलेला सगळा पुरावा कुठे गेला कोण जाणे. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. मग ते म्हणाले, "जेवताना कुणीतरी बोलावं. लई गप-गप असतं."

समोर बसलेल्या सोनियाने पटकन मान खाली घातली.

रश्मीताईंनी धनाजीला वेगळंच विचारलं. "तुम्ही आणि आबा बोलत नाही, तेव्हा घरात सगळ्यात आधी त्रास कुणाला होतो?"

"मलाच की. समदी कामं अडत्यात."

"आई, तुम्हाला काय वाटतं?"

बाळाबाईंनी हनुवटीने रत्नाकडे दाखवलं. "हिला. ह्यांचं आवाज चढायच्या आधीच हिचा घास थांबतो. म्या रोज बघते."

धनाजीने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती आताच खोलीत आली.

निघताना रश्मीताईंनी दोन गोष्टी केल्या. रत्नाला मधल्या खुर्चीतून उठवून सासूशेजारी खिडकीपाशी बसवलं. बाप-लेकाच्या मधली खुर्ची रिकामी राहिली. आणि सांगितलं, "पुन्हा भेटेपर्यंत रत्नाताईंकडून एकही निरोप जाणार नाही. कुजबुजून नाही, खुणेनेही नाही. जे सांगायचं ते ज्याचं त्याने."

"आणि न्हाई जमलं तर?" धनाजीने विचारलं.

"तर कसं नाही जमलं ते येऊन सांगा. तेही कामाचं असतं."

*

पहिले दोन-तीन दिवस बाळाबाईंना वाटलं, हे काही निभत नाही. आनंदराव 'रत्ना, ह्याला—' म्हणायचे आणि तोंड मिटायचे. धनाजी दारात येऊन तसाच मागे फिरायचा. रत्ना मात्र आपलं काम करत होती, आणि बाळाबाईंच्या लक्षात आलं की पोरगी पोटभर जेवतेय.

मग एका सकाळी तंबूवर माणसं उतरली आणि नळाला पाणी नाही. आनंदरावांनी टाकीचा कॉक भाजीच्या वाफ्यांकडे फिरवून ठेवला होता. धनाजी तावातावाने चुलीपाशी आला.

"रत्ना, आबांना—"

रत्नाने त्याच्याकडे पाहिलं. भाकरी परतली. बस्स.

तो पाय आपटत वाफ्यांकडे गेला. बाळाबाई हातातलं सूप तसंच धरून दारात आल्या.

"आबा," धनाजी लांबूनच म्हणाला. "कॉक फिरवा."

आनंदराव वळले. "कुठला?"

"वरचा."

"किती येळ?"

"माणसं न्हाऊस्तोवर."

"फिरवतो."

एवढंच. बाळाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसकण मारली. पदर डोळ्यांना लावावा का हसावं, हे त्यांना कळेना. आणि मग त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी ढवळून आलं. ते त्या कुणाशी बोलल्या नाहीत. ते बोलायची जागा आता त्यांना माहीत होती.

*

दुसऱ्या भेटीत खाचर निघालंच. धनाजीनेच काढलं. कॉकच्या वेळी जमलं होतं, आताही जमेल, असं त्याला वाटलं. तो थेट बापाकडे वळून म्हणाला, "आबा, तुमी मला नको म्हणाला असता तर म्या मशीन लावलंच नसतं."

"नको म्हणालो न्हाई? 'हात लावलास तर जन्मात तोंड बघणार न्हाई' असं म्हणालो!"

"मला निरोप आला, 'आबा म्हणत्यात, घाई करू नका.' घाई करू नका म्हंजी नको, असं हुतंय का?"

दोघंही एकदम रत्नाकडे वळले. धनाजीच्या तोंडाशी प्रश्न आला होता. 'मग खोटं कोण बोललं?'

"थांबा," रश्मीताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण दोघं थांबले. "जावळाच्या पंगतीत हेच झालं होतं ना? दोघं असेच वळला होतात."

धनाजीला बायकोच्या गळ्याची ताणलेली शीर दिसली. तीच. त्याने मान फिरवली.

"तिला काय इचारता?" बाळाबाई म्हणाल्या. खुर्चीत त्या सरसावून बसल्या होत्या. "मला इचारा. ही या घरात यायच्या आधी हे काम माझं व्हतं. तुमचं आन् तुमच्या वडलांचं कुठं पटत व्हतं? तुमी वाड्याच्या ह्या तोंडाला, मामंजी त्या तोंडाला, आन् म्या मधी. मामंजी म्हणायचे, 'त्या गाढवाला सांग, माझ्या दाराला येऊ नगंस.' मग म्या तुमास्नी येऊन काय सांगायचे?"

आनंदराव गोंधळले. "आण्णा जेवायला बोलवत्यात, असं सांगायचीस."

"मग?"

"मग म्या जायचो."

"तुमी गेलात की त्यांचा राग निवायचा. ताट मीच वाढून ठिवलेलं असायचं."

आनंदराव बघतच राहिले. "म्हंजी... आण्णांनी मला जेवायला कधी बोलावलंच न्हाई?"

"एकदाबी न्हाई!" बाळाबाई म्हणाल्या.

"आन् माझ्या कापणीचं कौतुक केलं त्ये?"

"मीच केलं."

"दिवाळीला धोतर धाडलं त्ये?"

"माझ्या भावानं आणलेलं!"

आनंदरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्या क्षणी खोलीत कुणीतरी हसलं. मोठ्याने, पोटापासून, खडखडून. धनाजीला वाटलं सोनिया हसली. पण सोनिया दोन्ही हात तोंडावर दाबून वहिनीकडे बघत होती.

रत्ना हसत होती. आवाजासकट.

तिला ते कळलं आणि ती दचकून थांबली. "थांबू नका," रश्मीताई म्हणाल्या. "हसण्यावरच बोला. येईल तसं येऊ द्या."

"मी—" रत्ना म्हणाली. आवाज खरखरीत होता, मधेच तुटत होता, पण होता. गळ्यावर हात ठेवून ती सासऱ्यांकडे वळली. "मी बी तेच केलं, मामा. ह्यांना रोज सकाळी सांगायचे, 'मामा म्हणाले जपून जा.' तुमी कधी म्हणाला न्हाईत. आन् तुमाला सांगायचे, 'ह्यांनी गोळ्यांची आठवण केलीया.' ह्यांना तुमच्या गोळ्या कुठल्या, त्ये बी ठावं न्हाई."

धनाजीला सकाळी गाडी काढतानाचा तो निरोप आठवला. 'मामा म्हणाले जपून जा.' कितीतरी वेळा तेवढ्यावर त्याचा दिवस निघाला होता.

"तुमी एकमेकांस्नी जे बोलता," रत्ना म्हणाली, "त्ये हाय तसं पोचवलं असतं तर हे घर कधीच मोडलं असतं. म्हणून मऊ करून सांगत गेले. दवाखान्यातला निरोप बी मऊ केला. आन् पंगतीत तुमी मला साक्ष द्यायला लावली. खरं सांगितलं तर मीच खोटी. गप ऱ्हायले तर दोघांचीबी गुन्हेगार. मग गळाच मिटला. आता झालं. निरोप बंद. आवाज आला म्हणून परत सुरू व्हायचा न्हाई."

धनाजी बापाकडे बघत होता. या माणसाने त्याला कधी 'जपून जा' म्हटलं नव्हतं. पण आता ते डोळे पुसत होते, ऑपरेशन झालेला डोळा आधी.

"धनाजी," आनंदराव म्हणाले. नाव घेतलं त्यांनी. "मला त्यो बांध परत घालायचाय. धरणानं समदं नेलं, त्येवढा एक माझ्या हातचा व्हता. पर आता माझ्यात दगड उचलायची ताकद न्हाई. म्या तुला सांगतोय. हिला न्हाई."

धनाजीने खुर्ची पुढे ओढली. "म्या उचलतो. पर तंबू ऱ्हातील, आबा. खालच्या अंगाला. त्येच्यावर घर चालतंय."

"किती खालच्या अंगाला?"

"त्ये जाग्यावर जाऊन बघू."

"बघू," आनंदराव म्हणाले. "आन्... जाताना गाडी जपून चालव."

सोनिया आता उघडच रडत होती. रश्मीताईंनी रत्नाकडे पाहिलं. "तुम्हाला काय हवंय, रत्नाताई? यांच्यासाठी नाही. तुमच्यासाठी."

रत्नाने विचार केला. हा प्रश्न तिच्यासाठी नवीन होता.

"मला शिवऱ्याला जायचंय, माहेरी. आजारी म्हणून न्हवं, कुणाच्या लग्नालाबी न्हवं. असंच. आठ-पंधरा दिस. तंवर घरात कुणाला काय बोलायचं त्ये बोला."

"जा," बाळाबाई म्हणाल्या. "म्या सांगते, जा."

*

रत्ना शिवऱ्याहून परतली तेव्हा भात कापून झाला होता. रोज सकाळी आवाजाचे व्यायाम करायची. थकल्यावर आवाज अजून जरा चिरकायचा. रश्मीताईंकडच्या भेटी संपल्या नव्हत्या. एका शनिवारी बाप-लेक फुगून बसले, आणि दुसऱ्या शनिवारी आनंदरावांनीच तक्रार केली की धनाजी जेवताना बोलायला लागला की थांबतच नाही.

एका रविवारी राजगडावर जायला बसभर माणसं आली होती. रत्ना तंबूंपुढच्या मांडवाच्या तोंडाशी उभी राहून त्यांना सांगत होती की बूट कुठे काढायचे, पाणी कुठे भरायचं, जेवण किती वाजता. शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत ऐकू जात होतं.

तेवढ्यात वरच्या अंगाकडून आरडाओरडा आला.

"आरं, त्यो धोंडा तिथं बसायचा न्हाई! पाया तरी बघ!"

"पाया बघूनच ठिवलाय! तुमी जरा लांब व्हा, पायावर पडंल!"

"मला शिकवतोस व्हय रं बांध घालायला?"

बाळाबाई निम्म्या उठल्या. त्यांचा हात आपसूक पदराकडे गेला. एवढ्या वर्षांची सवय होती. रत्नानेही त्या बाजूला पाहिलं. अर्धा बांध उभा राहिला होता आणि त्याच्या दोन टोकांना दोघं हातवारे करत होते, एकमेकांच्या तोंडाला तोंड देत.

"बसा, आत्या," रत्ना म्हणाली. "भांडू द्या त्यांना."

आणि ती पाहुण्यांकडे वळली. "चला, पहिली पंगत बसू द्या. पिठलं गरम हाय, बोलण्यात निववू नका!"